तार गेली, पेजर गेला, एसएमएस मात्र राहिला: आमच्या दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी मुंबईत कोपरखैरणे स्टेशनपासून चालत येण्याच्या अंतरावर आमचं दुकान आहे. आधी पाटीवर एसटीडी-आयएसडी-पीसीओ होतं, मग सायबर कॅफे आलं, मग रिचार्ज-सिमकार्ड, आणि आता झेरॉक्स, पॅनकार्ड, ऑनलाइन फॉर्म. प्रिंटर गरम होईपर्यंत गिऱ्हाईक उभं असतं, आणि उभं असलं की विचारतं. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे लिहून ठेवतो आहे. उत्तरांत माझी मतं मिसळलेली आहेत, ती वेगळी काढत बसलो नाही.

चांगलं यंत्र आलं की जुनं आपोआप बाद होतं, असंच ना?

नाही. तसं असतं तर पोस्टकार्ड कधीच संपलं असतं. ते भारतात १८७९ मध्ये आलं आणि आजही पोस्टात ५० पैशांना मिळतं. तार त्याच्यापेक्षा कितीतरी वेगवान. कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली प्रायोगिक तार १८५० मध्ये टाकली, १८५५ पासून सर्वसामान्यांना तार करता येऊ लागली आणि १५ जुलै २०१३ रोजी ती सेवा बंद झाली. वेगवान होती ती गेली, धीमं होतं ते राहिलं.

तारेचं काय झालं, तर तिची कामं एकेक करून दुसऱ्यांनी नेली. मयताची बातमी एसटीडीवरून, म्हणजे परगावच्या फोनवरून, कळू लागली. व्यापाऱ्यांचे निरोप फॅक्सने जाऊ लागले. लग्नाच्या शुभेच्छा लोक फोनवर देऊ लागले. शेवटी उरली सरकारी खात्यांची पत्रापत्री, कोर्टात दाखवायला लागणारा पुरावा आणि रजा वाढवून मागणारे जवान. म्हणजे शेवटच्या वर्षांत तार वेगासाठी कोणी करत नव्हतं, तिच्या कागदाला किंमत होती म्हणून करत होते. बंद होणार असं जाहीर झाल्यावर तारघरांत रांगा लागल्या, आणि त्या रांगांत आयुष्यात पहिल्यांदाच तार करणारी माणसं बरीच होती.

माझा हिशेब साधा आहे. संपर्काचं कुठलंही साधन आलं की दोन गोष्टी बघायच्या: पैसे कोण भरतो, आणि समोरचा माणूस त्यावर आहे का. यंत्र किती भारी, हा प्रश्न त्यानंतरचा. पुढची बहुतेक उत्तरं याच दोन गोष्टींभोवती फिरतात.

पेजर एवढ्या थाटात आला आणि एवढ्या लवकर गेला, असं कसं?

कारण पेजर म्हणजे फक्त आलेला निरोप दाखवणारी डबी, आणि तो मोबाइलच्या दरपत्रकावर जगत होता. ३१ जुलै १९९५ रोजी बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. तेव्हा दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत जात होता, आणि मुख्य म्हणजे आलेल्या कॉलचेही पैसे लागायचे. खिशात मोबाइल असलेला माणूससुद्धा तो उचलायला घाबरायचा. नंबर बघायचा, कापायचा आणि जवळचा बूथ शोधायचा.

पेजरवर निरोप आल्याचे पैसे नव्हते. डॉक्टर, बिल्डरांची माणसं, तुर्भ्याच्या मार्केटमधले दलाल, एमआयडीसीतले मेन्टेनन्सवाले कमरेला पेजर लावायचे. निरोप आला की बूथमध्ये येऊन फोन करायचे. पेजरवाला आमचं हक्काचं गिऱ्हाईक होता. त्याच्या कमरेला टिकटिक झाली की आमचं मीटर फिरायचं. मोबाइलचे दर उतरत गेले तसं पेजरचं कारण संपत गेलं, आणि १ मे २००३ पासून आलेला कॉल फुकट झाल्यावर उरलंसुरलंही गेलं. यंत्र बिघडलं नव्हतं, खराबही नव्हतं. जपानमध्ये तर शेवटची पेजर सेवा ३० सप्टेंबर २०१९ पर्यंत चालू होती.

जुना पेजर घरात सापडला. काही किंमत येईल का?

नाही. नातवंडांना दाखवायला ठेवा.

एसटीडी बूथ मोबाइलने मारले ना?

लोक तसं म्हणतात. मी मीटरसमोर बसलेलो होतो, मला ते अर्धवट वाटतं.

बूथचा धंदा दोन गोष्टींवर उभा होता: घरी फोन नसणं आणि लांबचा कॉल महाग असणं. फोनसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबलेले असायचे. ऐंशीच्या दशकात दूरसंचार तज्ज्ञ सॅम पित्रोदा आणि १९८४ मध्ये स्थापन झालेली सरकारी संशोधन संस्था सी-डॉट यांच्यामुळे देशी एक्स्चेंज आली आणि गल्लीगल्लीत पिवळ्या पाट्या लागल्या. एका बूथवर शंभर घरांचं काम भागायचं. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून रांग अकराला लागायची. सातारा, सांगली, जुन्नर, कोकण, सगळीकडे त्याच वेळी कॉल. माथाडी कामगार पाळी संपवून यायचे, त्यांना नंबर पाठ असायचे, आणि गावाकडे फोन सरपंचाच्या नाहीतर किराणा दुकानदाराच्या घरी. त्या घरातला पोऱ्या पळत जाऊन माणसाला बोलावून आणेपर्यंत इथे मीटर चालू. मग 'पाच मिनिटांनी परत लावतो' ही पद्धत पडली. हे कुठल्याही कंपनीने शिकवलं नव्हतं.

आता दर बघा. २००२ च्या सुरुवातीला एसटीडीचे दर निम्म्याहून खाली आले. त्याच वर्षी ठाणे-मुंबईच्या सात आकडी नंबरांपुढे २ लागून ते आठ आकडी झाले. ०२२ मध्ये ठाणे आणि नवी मुंबई आहे, पण कल्याण-डोंबिवली ०२५१ मध्ये. त्यामुळे ठाण्याहून डोंबिवलीच्या मेहुण्याला फोन करायचा तर काही वर्षं ९५२५१ फिरवावं लागे आणि लोक ते हमखास विसरत. मग १ मार्च २००६ पासून सरकारी कंपन्यांनी एक रुपयात देशभर कुठेही बोलण्याची योजना आणली. लांब आणि जवळ यातला फरकच मिटला, आणि आमची कमाई त्या फरकातच होती. ज्याच्याकडे मोबाइल नव्हता तोही एक रुपयाच्या नाण्याच्या लाल डब्यावरून बोलून निघून जाऊ लागला. मोबाइल नंतर आला आणि मोकळी झालेली जागा त्याने घेतली, असं मी म्हणेन.

आपल्या कोपरखैरण्यात एवढं मोठं आवार असलेली मोबाइल कंपनी बुडालीच कशी?

हा प्रश्न इथे सगळ्यात जास्त विचारला जातो, कारण त्या आवारात काम केलेली माणसं प्रत्येक सेक्टरात आहेत. धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी म्हणजे रिलायन्स इन्फोकॉमचं, पुढे रिलायन्स कम्युनिकेशन्सचं, मुख्य ठिकाण. सेवेची घोषणा २८ डिसेंबर २००२ ची. २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून हातात फोन मिळू लागला. ज्यांनी कधी फोन घेतला नसता त्यांनी घेतला. रिक्षावाले, भाजीवाले, घरकाम करणाऱ्या बायका. इतर कंपन्यांना दर खाली आणावे लागले. या कामगिरीचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण ते सीडीएमए तंत्रावर होते. आवाज स्वच्छ, रेंज चांगली. अडचण वेगळीच होती: सुरुवातीच्या त्या फोनमध्ये सिमकार्डच नव्हतं, नंबर थेट फोनमध्ये बसवलेला. फोन बदलायचा तर कंपनीच्या दुकानाच्या पायऱ्या चढायच्या. जगातले बहुतेक हँडसेट जीएसएम या दुसऱ्या, सिमकार्डवाल्या तंत्रासाठी बनत होते. जास्त बनतात म्हणून स्वस्त, स्वस्त म्हणून जास्त खपतात. सीडीएमएवाल्याला पाच मॉडेल दाखवता यायची, तेव्हा जीएसएमवाल्यापुढे काउंटरभर पसरलेले असायचे. नोकिया वापरणारा आपलं सिम काढून भावाच्या फोनमध्ये टाकू शकत होता. सिम अदलाबदल करण्याची ती सोय आवाजाच्या दर्जाला भारी पडली.

२००८-०९ मध्ये त्या कंपनीने स्वतःही देशभर जीएसएम सुरू केलं. म्हणजे एकाच घरात दोन चुली, आणि खर्च दोन्हींचा. वर कर्ज. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, कॉल फुकट झाला, आणि ज्यांच्या कमाईत कॉलचा वाटा मोठा होता ते सगळे हादरले. २०१७ संपता संपता रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाइलवरची कॉलसेवा बंद झाली, २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जिओचं मोठं आवार आहे घणसोलीत. कोपरखैरण्याहून ठाण्याच्या गाडीत बसलात तर पुढचंच स्टेशन.

मॅक्सटचचं सिम अजून चालतं का?

तुम्ही ते तेव्हापासून चालू ठेवलं असेल तर चालतं. मॅक्सटच, ऑरेंज, हच, व्होडाफोन, व्ही: मालक आणि रंग बदलले, नंबर तोच. अशी माणसं ठाण्यात आहेत आणि नंबर सांगताना त्यांच्या आवाजात रुबाब असतो. बीपीएल मोबाइल कंपनीवाल्यांचं नशीब तसं नाही. बीपीएलचं लूप झालं, लूपचा परवाना २०१४ मध्ये संपला आणि ग्राहकांना दुसरीकडे जावं लागलं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून देशभर होती, म्हणून वेळेवर हललेल्यांचे नंबर वाचले.

मिस्ड कॉल देणं कधी बंद झालं?

ते एक अख्खं संपर्काचं साधन होतं, आणि कोणीच ते बनवलं नव्हतं. आलेला कॉल फुकट, केलेला कॉल विकत. मग न उचललेल्या कॉलमध्येच निरोप घालायचा. एक रिंग म्हणजे 'ठाण्याला उतरलो', दोन म्हणजे 'खाली ये', आणि सारख्या येऊ लागल्या तर 'तूच फोन लाव, माझ्यात बॅलन्स नाही'. २०११ मध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनाला पाठिंबा म्हणून लोकांनी मिस्ड कॉल दिले. पक्षांची सभासद नोंदणी मिस्ड कॉलवर झाली. बंगळूरच्या झिपडायलने या सवयीवर धंदा उभारला आणि २०१५ मध्ये तो ट्विटरने विकत घेतला. पुढच्याच वर्षी जिओ आलं. कॉलला पैसेच लागेनात, तर कापायचा कशाला?

अजूनही काही आजी एक रिंग देऊन ठेवतात. पैशांचा प्रश्न नसतो, सवय.

एसएमएस तर कोणीच करत नाही. मग दिवसभर एवढे येतात कुठून?

माणसं करत नाहीत, यंत्रं करतात.

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला, नाताळच्या शुभेच्छांचा. आपल्याकडे दोन हजारच्या दशकात कॉलेजच्या पोरांनी तो डोक्यावर घेतला. आमच्याकडे एसएमएस पॅकच्या रिचार्जला संध्याकाळी गर्दी व्हायची. पण दिवाळी, नववर्ष अशा दिवशी पॅक चालायचा नाही, प्रत्येक एसएमएसला वेगळे पैसे. ज्या दिवशी लोकांना सगळ्यात जास्त बोलायचं असतं नेमका त्याच दिवशी खिसा कापायचा! पोरं आमच्याशी भांडायची, जणू पॅक आम्ही छापला होता. त्यात जाहिरातींचे एसएमएस आवरायला ट्राय या दूरसंचार नियामकाने २०११ मध्ये एका सिमवरून दिवसाला १०० अशी मर्यादा घातली, नंतर २०० केली. हेतू योग्य, पण दिवसाला तीनशे पाठवणारी पोरं तोवर व्हॉट्सॲपकडे बघू लागलेलीच होती. कंपन्यांनी आणि नियमाने मिळून त्यांना तिकडे ढकललं, असं माझं ठाम मत आहे.

मग तो मेला का नाही? कारण बँकांना असं साधन हवं होतं जे साध्यातल्या साध्या फोनवर, नेट नसताना पोचेल. २००९ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना आणखी एक खात्री बंधनकारक केली, आणि ओटीपीसाठी एसएमएस कामाला लागला. बँका, गॅस, वीजबिल, रेल्वे, आधार, सगळे त्यावर. गप्पांची जागा म्हणून एसएमएस संपला, पावती म्हणून जगतो आहे. तारेचंही शेवटी असंच झालं होतं, हे लक्षात घ्या. फरक इतकाच की तारेच्या त्या पावतीची गरज मोजक्यांना होती आणि ओटीपीची सगळ्यांना.

फॅक्स?

फॅक्सचं पहिलं पेटंट १८४३ चं, टेलिफोनचं १८७६ चं. म्हणजे फॅक्स फोनपेक्षा थोरला. आपल्याकडे तो नव्वदच्या दशकात बहरला आणि स्कॅनर-ईमेलने गेला. आमच्याकडचं मशिन भंगारात दिलं.

लँडलाइन ठेवू की काढून टाकू?

आधी तुमच्याकडे कुठली आहे ते बघा. जुनी तांब्याच्या तारेची लाइन असेल तर तिला वीज एक्स्चेंजमधून येते, ४८ व्होल्टची. घरातले दिवे गेले तरी साधा फोन चालतो. आता ज्या लाइन मिळतात त्या बहुतेक फायबरवर आहेत. फायबरमधून उजेड येतो, वीज नाही. घरातल्या डब्याची वीज गेली की वायफाय आणि लँडलाइन दोन्ही गप्प. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड पडून मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज तासन्‌तास गेली, तेव्हा घरून काम करणाऱ्या आणि ऑनलाइन शाळा भरवणाऱ्या सगळ्यांना हे एकदम कळलं. तेव्हा घरात एकटं राहणारं ज्येष्ठ माणूस असेल तर राउटरला छोटा यूपीएस लावा. लँडलाइन आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

मोबाइलवरच सगळी भिस्त ठेवणंही धोक्याचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मोबाइल नेटवर्क कोलमडलं. टॉवरलाही वीज लागते, त्याच्याही बॅटऱ्या संपतात. घरातल्यांचे दोन नंबर दोन वेगळ्या कंपन्यांचे ठेवा, एवढं तरी करा.

तसं बघितलं तर लँडलाइनची गोष्टच उलटी फिरली आहे. २००६ च्या सुमारास देशात ५ कोटींच्या आसपास लाइन होत्या, २०२० पर्यंत त्या २ कोटींच्या आसपास उतरल्या. सगळ्यांनी श्रद्धांजली वाहिली. मग फायबर आलं, ब्रॉडबँडबरोबर नंबर फुकट मिळू लागला आणि २०२३ मध्ये आकडा ३ कोटींच्या वर गेला. त्यातल्या कितींना फोनचं यंत्र जोडलेलं आहे हा वेगळा प्रश्न. दरम्यान ठाण्याचे २५ आणि नवी मुंबईचे २७ ने सुरू होणारे नंबर ज्या एमटीएनएलने दिले, तिची सेवा २०२५ पासून बीएसएनएल चालवते.

३जी बंद झालं, मग २जी अजून कसं चालू?

धाकटं आधी गेलं, हे खरं. एअरटेलने २०२० पर्यंत ३जी गुंडाळलं, २जी ठेवलं. ३जीचं सगळं काम ४जी जास्त चांगलं करतं, त्यामुळे त्याच्यासाठी रडणारं कोणी नव्हतं. २जीवर मात्र साधे कीपॅड फोन आहेत आणि त्यावर माणसं अडकलेली आहेत. ज्यावर दुसरं कोणी अवलंबून नाही ते आधी बंद होतं. पण आईवडिलांना आता नवा कीपॅड फोन घेत असाल तर ४जीचाच घ्या. जिओचं सिम तर २जी फोनमध्ये चालतच नाही, आणि ते कळल्यावर फोन परत करायला येणारे अजून येतात.

व्हॉट्सॲपही एक दिवस जाईल का?

ऑर्कुट ही तेव्हाची गप्पांची साइट जाईल असं २००७ मध्ये आमच्या कॅफेत कोणाला वाटत नव्हतं. सहाही कॉम्प्युटरवर तेच उघडलेलं असायचं. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ ला, ब्लॅकबेरी फोनचं बीबीएम ३१ मे २०१९ ला, आपलं देशी हाइक २०२१ च्या जानेवारीत. यातलं कुठलंही तंत्रात फार कच्चं नव्हतं. बीबीएम तर पहिली कितीतरी वर्षं फक्त ब्लॅकबेरीवर होतं. अँड्रॉइडवर आलं २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये, तोवर लोक दुसरीकडे स्थिरावले होते. व्हॉट्सॲप मात्र नोकियाच्या स्वस्त फोनवरही चालायचं, आणि त्याला नवं नाव, नवा पासवर्ड काही लागत नव्हतं. फोनमध्ये मावशीचा नंबर असला की मावशी तिथे होतीच. अर्धी लढाई त्याने तिथेच जिंकली.

जाईल का, याचं माझं उत्तर: एकदम नाही. सोसायटीची नोटीस, शाळेचा गृहपाठ, दूधवाल्याचा हिशेब त्यावर आहे. एकट्याने सोडून चालत नाही, सोसायटीने एकत्र सोडावं लागेल, आणि आपल्या सोसायट्यांचं पार्किंगवर एकमत होत नाही. पण पोरं कुठे बोलतात ते बघा. माझ्या मुलीच्या गप्पा इन्स्टाग्रामवर असतात. व्हॉट्सॲप तिच्यासाठी आईबाबा आणि क्लासचे सर. जागा मोठ्यांची झाली की पोरं हळूच उठून जातात, ऑर्कुटचंही असंच सुरू झालं होतं.

रजिस्टर एडी करायचं आहे. पोस्टात नाही म्हणाले?

२०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं. स्पीड पोस्टने पाठवा, पोचल्याचा पुरावा हवा असं खिडकीवर आधीच सांगा आणि पावती फेकू नका. करारात किंवा सोसायटीच्या नियमांत 'रजिस्टर एडीनेच' असं लिहिलं असेल तर वकिलांना विचारून घ्या.

सगळं क्लाउडवर गेलं म्हणजे नक्की कुठे?

बरंचसं महापे, रबाळे, ऐरोलीत. ठाणे-बेलापूर रस्त्याला जिथे रासायनिक कारखाने होते तिथे आता खिडक्या नसलेल्या इमारती दिसतात, बाहेर जनरेटर आणि कूलिंगचा आवाज. ती डेटा सेंटर. तारघर गेलं, टेलिफोन एक्स्चेंजचे मजले रिकामे झाले, आणि त्यांचं काम अशा इमारतींत आलं. तुमचा फोटो हवेत नाही, कुठल्यातरी एमआयडीसीत आहे आणि त्याचं वीजबिल कोणीतरी भरतं. ते तुम्ही भरत नसाल, तर जाहिरातवाला भरतो.

आता पुढचा नंबर कोणाचा?

अनोळखी नंबरवरून आलेल्या कॉलचा, असं मला वाटतं. कॉल करणं फुकट झालं आणि तिथेच त्याची किंमत गेली. जाहिरातींसाठी १४० ने आणि बँकांच्या कामासाठी १६०० ने सुरू होणारे नंबर वेगळे काढले आहेत, तरी लोक उचलत नाहीत. कुरियरवाला खाली उभा राहून चार वेळा फोन करतो आणि वरचा माणूस तो ठग समजून कापतो. हे मी रोज दुकानासमोर बघतो.

जुना नंबर बंद करायचा आहे. काय बघू?

आधी बँक, आधार, पॅन, गॅस, डिजिलॉकर, ईमेल या सगळ्यांत नवा नंबर घाला, मग जुना सोडा. बंद केलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या माणसाला मिळतो, आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. व्हॉट्सॲपवर 'नंबर बदला' असा पर्याय आहे, तोही विसरू नका. आणि आधारला नवा नंबर जोडायची सोय आधार केंद्रावर आहे. ते काम आमच्या दुकानात होत नाही, उगाच रांगेत उभे राहू नका.